दहा वेळा हरल्यावर

माझा धंदा काय, हे मला आजवर कोणाला एका वाक्यात सांगता आलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ विचारतात, "आपण काय करता?" मी म्हणतो, "मोबाइलवरचे खेळ खेळतो." ते हसतात आणि थांबतात. खरं उत्तर आता येईल, असं त्यांना वाटतं. ते येत नाही. मग ते माझ्या बायकोकडे, वीणाकडे, अशा नजरेने बघतात की तिला वाढप्याकडून मठ्ठा आपोआप जास्त मिळतो.

तर एकदा सविस्तरच सांगतो. पुण्यात एक कंपनी आहे. तिचं मोबाइलवर खेळांचं दुकान आहे. कोणीही घरी बसून खेळ बनवावा आणि त्या दुकानात मांडावा. मांडणारे हजारो, आणि त्यांच्यातल्या भांडणांना तोटा नाही. 'याने माझा खेळ चोरला' अशा तक्रारी रोज येतात. त्यांचा निवाडा करणाऱ्यांपैकी मी एक. रत्नागिरीत, नाचणे रोडला घरातल्या मागच्या खोलीत बसतो. समोर दोन खेळ येतात, तक्रारदाराचा आणि संशयिताचा. दोन्ही खेळून बघायचे आणि चार बटणांपैकी एक दाबायचं: 'वेगळा', 'सारखा पण चालेल', 'नक्कल', आणि हिंमत नसेल तर 'वरिष्ठांकडे'. सोबत एक-दोन शब्दांचा शेरा. 'नक्कल' दाबलं की तो खेळ दुकानातून खाली उतरतो आणि त्याच्या पानावर तांबड्या अक्षरांत, शेऱ्यासकट, तसं लिहून येतं.

या कामाला मला का घेतलं? त्याआधी वीस वर्षं मी एसटी स्टँडजवळ गेम पार्लर चालवत होतो. पडद्यावरचा एकही खेळ असा नव्हता जो मी ओळखत नसे. डोळे मिटून नुसता आवाज ऐकवा, मी नाव सांगायचो. लोक पैज लावायचे आणि हरायचे. नोकरीत हे कसब मी फार मिरवलं. पुढे जे सांगणार आहे त्याचं मूळ त्या मिरवण्यातच आहे.

आधी थोडं शास्त्र. बाहेरच्याला वाटतं, चोरी ओळखायची तर काय काय सारखं आहे ते बघायचं. छे! सारखं तर सगळंच असतं. उडी मारणारा नायक, वरून पडणाऱ्या वस्तू, तीन सारखे रंग जुळवणं, या गोष्टी आता कोणा एकाच्या राहिलेल्या नाहीत. चोर ओळखायचा तो चुकांवरून. एका खेळात नायक खार होती आणि ती नाणी गोळा करायची. बनवणाऱ्याच्या हातून एक नाणं इतकं उंच टांगलं गेलं होतं की कुठल्याही उडीने हाती लागू नये. दुसऱ्या खेळात खारीचा उंदीर झाला होता, रंग बदलले होते, संगीत बदललं होतं. पण ते नाणं तिथेच, तितक्याच उंचीवर टांगलेलं! स्वतः खेळ बनवणारा स्वतःच्या चुका करतो. चोर दुसऱ्याच्या करतो. 'नक्कल'चं बटण मी त्या दिवशी असं दाबलं, जसा न्यायाधीश टेबलावर हातोडा मारतो.

याच्या उलट एक प्रकरण. वीणाचा मावसभाऊ हेमंत, गुहागरचा, नारळी-पोफळीच्या बागांचा मालक. त्याने एक खेळ बनवला होता. वरून सुपाऱ्या पडतात, खाली टोपलीत झेलायच्या. एक दिवस तो आमसुलांची पिशवी घेऊन थेट दारात.

"भावोजी, माझी आयडिया चोरली! केरळमधल्या कोणीतरी. सुपाऱ्यांच्या जागी नारळ घातलेत, बाकी सगळं माझं."

"तुला ही आयडिया कुठून मिळाली?"

"कुठून म्हणजे? बागेत बसलो होतो. सुपारी पडली डोक्यात."

"मग त्याच्या डोक्यात नारळ पडला असेल. तुझ्यापेक्षा त्याला जास्त लागलंय, त्याचा हक्क मोठा."

हेमंत रागावला, जेवला आणि पिशवी ठेवून गेला. आमसुलं घेतली म्हणून ते प्रकरण मी दुसऱ्याकडे सोपवलं. त्यानेही 'सारखा पण चालेल' असंच ठरवलं.

नवीन भरती झालेल्यांना हा फरक मीच शिकवायचो. मी आमच्या गावच्या नमनात, म्हणजे शिमग्यातल्या लोकनाट्यात, संकासुराचं सोंग करतो. काळा झगा, उंच टोपी, कमरेला घुंगरं. मी त्या पोरांना व्हिडिओ कॉलवर, कमरेपर्यंत दिसेल तेवढा, अर्धा संकासूर करून दाखवायचो आणि म्हणायचो, "प्रत्येक गावच्या नमनात गण असतो, गवळण असते, संकासूर असतो. म्हणून काय शेजारच्या गावाने आमचा संकासूर चोरला? तो काय बोलतो ते ऐका. सोंग सारखं असतं, बोलणं त्या त्या गावाचं." पोरं टाळ्या वाजवायची. मीही खूश. ज्ञान पूर्ण होतं. उणीव वेगळ्याच गोष्टीची होती.

गेल्या वर्षी फाल्गुनात, शिमग्याला दोन आठवडे असतील, माझ्यासमोर 'वाट' नावाचा खेळ आला. तक्रार घाऊक होती. एका मोठ्या कंपनीचा सापाचा खेळ आहे. तिच्या वतीने एक यंत्रच दिसेल त्या सापाविरुद्ध तक्रार टाकत असे. सापाचा खेळ सगळ्यांना माहीत आहे. साप चालतो, खातो, लांब होतो आणि स्वतःच्या अंगावर आपटला की मरतो. 'वाट'मध्ये साप नव्हता, ठिपक्यांची रांग होती. खाण्याच्या जागी चौकोन होते. चौकोनाला टेकलं की रांग लांब होते, आपल्याच रांगेवर आपटलं की हरलं. चित्र नाही, संगीत नाही. पहिली पायरी झाली, दुसरी झाली. तिसरीवर मी हरलो.

आता मी हरतो म्हणजे काय! परत खेळलो. दोन अरुंद वाटा होत्या, दोन्ही शेवटी बंद. आत शिरलं की मागची रांग वाट अडवते आणि बाहेर पडता येत नाही. डावीकडची आधी घ्या, उजवीकडची आधी घ्या, मरण ठरलेलं. चार वेळा हरलो. जी पायरी जिंकताच येत नाही ती बनवणाऱ्याची चूक, असा मी निष्कर्ष काढला; तीच चूक मूळ सापाच्या खेळात आहे का, ते बघितलंही नाही. 'नक्कल' दाबलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'सदोष'. सगळी मिळून दहा मिनिटं गेली असतील. मग उठून चहा केला.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून आमच्या वरिष्ठ, अदिती मॅडम, यांचा निरोप आला. "सर, एक अपील मराठीत आहे आणि भाषा जरा वेगळी आहे. आमच्याकडे कोणाला नीट लागत नाही. साध्या मराठीत करून द्याल?" अपील निकाल देणाऱ्याकडे पाठवायचं नाही असा नियम आहे. तो त्या दिवशी चुकून मोडला. दुपारची वेळ होती. मी ते अपील वाचायला घेतलं.

लिहिणारा विलास नावाचा माणूस. संगमेश्वरच्या आतल्या अंगाच्या एका गावचा. गावाचं नाव सांगत नाही. स्वतः मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात मोबाइलवर शिकून त्याने हा एकच खेळ बनवला होता. पत्रातली हकिगत थोडक्यात अशी.

गावात दोन वाड्या, वरची आणि खालची. शिमग्यात देवाची पालखी दोन्ही वाड्यांत घरोघर जायची. पालखी आल्या वाटेने मागे फिरवायची नाही आणि तिने मागच्या माणसांना ओलांडायचं नाही, ही गावाची रीत. सहाणेवरून, म्हणजे पालखी बसते त्या जागेवरून, निघून रस्त्याने वरच्या वाडीत, तिथून एका मोकळ्या माळावरून खालच्या वाडीत आणि पाखाडीने, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांनी, परत सहाणेवर, असा फेरा होता. काही वर्षांपूर्वी त्या माळावर आंब्याची कलमं लागली आणि सभोवती जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आली. फेरा तुटला. पालखी नाइलाजाने मागे फिरवावी लागली. अरुंद पाखाडीत माणसं माणसांवर आली, ढकलाढकली झाली, एकाचं डोकं फुटलं. कोणी कोणाला ढकललं यावरून मान कोणाचा यावर भांडण गेलं. वरचे म्हणाले, पहिला मान आमचा. खालचे म्हणाले, आमचा. सहा वर्षं पालखी सहाणेवरून हललेली नाही. विलासचे वडील, खालच्या वाडीतले धोंडूआबा, जन्मभर पालखीचे खांदेकरी, आता अंथरुणाला खिळलेले होते. पत्रात त्याने लिहिलं होतं: 'ज्याला देवळात जाता येत नाही त्याच्या दारात देव येतो, पालखी त्याच्यासाठी असते.'

आणि शेवटची ओळ: 'साहेब, तिसरी पायरी जिंकता येत नाही ती मुद्दाम. दहा वेळा हरल्यावर चौथी आपोआप उघडते. ती तुमी बगितलीत का?'

मी खेळ उघडला. आणखी सहा वेळा हरायचं बाकी होतं, तेवढं हरलो. चौथी पायरी उघडली. तोच नकाशा, त्याच दोन वाटा. फक्त मधल्या भिंतीतला एक चौकोन काढलेला. तिथून मी रांग नेली. वरून खाली गेली. पुन्हा खेळलो, खालून वर नेली. तीही गेली. कुठल्याही वाडीत आधी न्या, फेरा पूर्ण होतो. भांडण मानाचं नव्हतंच, त्या एका चौकोनाचं होतं. हे कोणालाही दुखावणारं एक अक्षर न लिहिता या माणसाने दाखवून दिलं होतं.

नियम असा की अर्जदाराशी बोलायचं नाही. मी पत्रातल्या नंबरावर फोन लावला. पलीकडे लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"मी खेळांच्या दुकानातून बोलतोय. तुमचा 'वाट' दुकानातून मीच खाली उतरवला होता."

आपटणं थांबलं. "तुमी कुठले?"

"रत्नागिरीचा."

"रत्नागिरीचे? आणि पालखी ओळखली नाय?"

"पालखी कुठे होती त्यात? ठिपके होते नुसते."

"मंग काय देवाचा फोटू लावू? ठिपक्यांवर कोणाचा राग नसतो, म्हणून ठिपके. घरांना नावं दिली असती तर पयल्या घरालाच डोकी फुटली असती."

मी शहाणपणा सोडला नाही. म्हणालो, "पण काहीतरी नवीन करायचंत. सापाचाच खेळ कशाला?"

"साहेब, तो गडगा हाय अण्णांचा, वरच्या वाडीचे मानकरी. वय पंच्याहत्तर. त्यांना नवा खेळ कोण शिकवणार? हा खेळ त्यांनी बटणाच्या फोनवर खेळलेला हाय, एसटीची वाट बगत. सगळ्या गावाने खेळलेला हाय. म्हंजे नियम समजवावा लागत नाय, नियमावर भांडण नाय. आणि पालखीची रीत न् त्या सापाची रीत एकच हाय, बगा की. आपल्या माणसांना ओलांडायचं नाय. मी काय नवीन करणार त्यात?"

मी विचारलं, "शिमग्याआधी गावाची सभा होते ना, ती कधी आहे?"

"झाली. चार दिवस झाले."

तो सांगत होता, मी ऐकत होतो. सभेत त्याने दोन्ही वाड्यांना मोबाइलवर खेळ उतरवून घ्यायला सांगितलं. अण्णांच्या पुतण्याने दुकान उघडलं आणि तांबडी अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली: 'नक्कल. सदोष.' देवळात हशा पिकला. विलास स्वतःचा मोबाइल पुढे करत राहिला. पुतण्या म्हणाला, "कंपनी सांगते खेळच नकली हाय, मंग ह्याची वाट काय खरी धरायची?" अण्णा उठून गेले. पालखी या वर्षीही सहाणेवरच, असं ठरलं.

"आमच्या वाडीतले पण हसले," विलास म्हणाला. "त्याचं काय नाय. आबा रोज इचारतात, पालखी कदी येतेय. काय सांगू त्यांना? कंपनीकडे अर्ज केलाय म्हणून?"

फोन त्याने बंद न करताच बाजूला ठेवला. लोखंडावर पहिला घाव पडलेला मला ऐकू आला.

अदिती मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या चांगल्या बाई आहेत, चिडल्या नाहीत. पण म्हणाल्या, "सर, तुमचा निकाल तुम्हीच कसा फिरवणार? दुसऱ्याकडे द्यावा लागेल." दुसऱ्याने योग्य तो निकाल दिला. खेळ पुन्हा मांडला गेला तेव्हा शिमगा उलटून गेला होता. त्या वर्षी मी नमनात उभा राहिलो नाही. वीणाने कारण विचारलं. घसा बसलाय म्हणालो.

पुढचं मला विलासकडून कळत गेलं. मी अधूनमधून फोन करायचो, तो कधी उचलायचा, कधी नाही. ज्येष्ठात त्याने सांगितलं, अण्णांनी सुनेकडून खेळ उतरवून घेतलाय. ओटीवर एकटे बसून खेळतात. हरतात, शिव्या घालतात, चष्मा पुसतात, परत खेळतात. दहा वेळा हरायला त्यांना चार दिवस लागले. चौथी पायरी त्यांनी कोणाला दाखवली नाही. फक्त सुनेला म्हणाले, "गडगा मीच घातला ना गो?"

श्रावणात धोंडूआबा गेले.

या फाल्गुनात विलासचा फोन आला. "पालखी फिरतेय. अण्णांनी गडग्याचे चिरे उतरवलेत, सवताच्या हाताने. या बगायला."

मी गेलो. ढोल वाजत होता, गुलाल उडत होता आणि पालखी वरच्या वाडीतून कलमांच्या मधून खाली येत होती. गडग्याला दीड माणसाच्या रुंदीचं खिंडार पाडलं होतं, पालखी जेमतेम पार होईल एवढं. काढलेले चिरे बाजूला नीट रचून ठेवले होते. अण्णा खिंडारापाशी उभं राहून खांदेकऱ्यांना ओरडत होते, "जरा डावीकडं! आंब्याचा मोहर सांभाळा रे भाड्यांनो!" मी कोण ते विलासने कोणाला सांगितलं नव्हतं. "रत्नागिरीचे पाव्हणे," एवढंच.

दुपारी पालखी विलासच्या दारी आली. अंगण सारवलेलं होतं. ओटीवर जिथे अंथरूण असायचं ती जागा मोकळी होती, तिथे पालखीसाठी पाट मांडला होता. विलासच्या बायकोने ओटी भरली. मग गाऱ्हाणं. प्रत्येक घरात मानकरी त्या घरासाठी देवापुढे मागणं मागतो आणि जमलेली माणसं एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सात वर्षांनी ते मागणं पुन्हा अण्णांच्या तोंडी आलं होतं. आवाज खणखणीत होता.

"बा गावदेवा म्हाराजा! आज तुजी पालखी ह्या घरात आली हाय. काय चूकभूल झाली असंल ती पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

"हितल्या पोराबाळांना, गुराढोरांना सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या घरचा धनी, धोंडू, तुजा खांदेकरी, आजारी हाय. त्याला बरा कर. त्याला उठीव. पुढल्या सालाला तुज्या पालखीला माज्या जोडीनं त्याचा खांदा..."

धोंडूआबा श्रावणातच गेले होते, पण अण्णांच्या तोंडी या घरचा धनी म्हणून अजून तेच होते. बोलता बोलता त्यांच्याही ते लक्षात आलं. हातातला नारळ तसाच वर राहिला. ढोलवाल्याने टिपरी छातीशी धरली. कोणीच 'व्हय' म्हणेना. काय म्हणणार?

विलास उंबऱ्यात उभा होता. त्याने हात जोडले आणि एकट्यानेच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

मग सगळे म्हणाले.